ढापण्याचा पेशंट

४ फेब्रुवारी

प्रिय ढापण्या,

तुझं पत्र मिळालं. फोन करायला मी आता धजत नाही. मागच्या खेपेला मी इकडून ओरडलो, तू तिकडून "काय? काय?" करत ओरडलास, आणि माझ्या दवाखान्यात बसलेल्या झाडून सगळ्यांना तुझ्या मूळव्याधीची खबर लागली. अजून लोक विचारतात, "मित्राचं कसं आहे आता?" त्यापेक्षा पत्र बरं. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत तुझे, जाड भिंगांआडून का होईना.

तू सुटलास बाबा. स्टेथोस्कोपातून ऐकू येईना म्हणून दोन वर्षांपूर्वी दवाखाना विकून मोकळा झालास. आम्हाला अजून शाळेत बसवतात. परवाच्या रविवारी गावातल्या सगळ्या फॅमिली डॉक्टरांना एका हॉलमध्ये कोंडलं होतं. विषय काय, तर मनाचे आजार आणि आत्महत्या टाळण्यात आपलं काम. शिकवायला मनोविकाराच्या एक डॉक्टरबाई, वयाने माझ्या धाकटीएवढ्या. मी मागच्या रांगेत पंख्याखालची जागा धरली. हॉस्टेलात तुम्ही मला घोरासुर उगाच म्हणत नव्हता, त्या लौकिकाला जागण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मन बिघडलं म्हणून कुणी तुमच्याकडे येत नाही. पोट जळतं, डोकं दुखतं, झोप लागत नाही म्हणून येतात. आमच्याकडे यायची लाज वाटते. तुमच्याकडे वाटत नाही, कारण तुम्ही त्यांच्या बापालाही इंजेक्शन दिलेलं असतं."

माझी झोप उडाली ती उडालीच. बाई म्हणाल्या, आधी विचारा की मन उदास असतं का, कशातच रस वाटत नाही असं होतं का. होय म्हणाला तर सरळ विचारा, जीव नकोसा होतो का, स्वतःचं काही करून घ्यावंसं वाटतं का. विचारल्याने नसतं खूळ डोक्यात शिरेल ही भीती बाळगू नका. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस हलका होतो.

झालं. सोमवारी मी दिसेल त्याला विचारत सुटलो. न्हावी अंगठा कापून घेऊन आला होता. म्हटलं, "कशात रस वाटत नाही, असं होतं का?" माझ्या टकलाकडे बघून म्हणाला, "तुम्ही केस कापायला आलात की होतं." एका आजीला विचारलं, मन उदास असतं का. "उदास व्हायला उसंत कुठंय? घरात सून आहे ना!" एका तरुणाने तर "कामावर जाण्यात रस वाटत नाही" असं ताबडतोब कबूल करून आठवड्याच्या रजेचा दाखला मागितला.

आणि मग बेकरीवाला आला. पोटात जळजळतं म्हणून महिन्यातून दोनदा तरी येणारा. मी गोळी लिहिता लिहिता सवयीने विचारलं. तो नुसता वजनकाट्याकडे बघत बसला. मी पेन ठेवलं, दार लावलं आणि पुढचा प्रश्न विचारला. ढापण्या, तो एवढा आडदांड माणूस ढसाढसा रडला रे. "हो" म्हणाला. म्हणाला, "डॉक्टर, मी सारखा तुमच्याकडे येतो, कारण कधीतरी विचाराल असं वाटायचं." त्याच्या बायकोला बोलावून घेतलं, बाईंना फोन लावला, त्याच दिवशी त्याला तिकडे पोचवला. आता जरा सावरलाय. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

असो. ताईंना नमस्कार.

तुझा,
घोरासुर

---

१५ फेब्रुवारी

प्रिय घोरासुरा,

म्हातारपणी तुला नवं खेळणं मिळालं म्हणायचं. तुझ्यापेक्षा तो न्हावी हुशार. बेकरीवाल्याचं मात्र तू चांगलं केलंस. एरवी तुझं कधी कौतुक करत नाही, म्हणून हे वाक्य जपून ठेव.

इकडे ठीक. मी जिला दवाखाना विकला त्या पोरीने तिथे माशांची पेटी ठेवली आहे. नंबर येईपर्यंत पेशंट मासे बघत बसतात. माझ्या वेळी ते भिंत बघायचे आणि निम्मे कंटाळून बरे व्हायचे. बाक तेवढा तिने माझाच ठेवलाय. तो मी सुताराला सांगून मुद्दाम अरुंद करून घेतला होता, म्हणजे ज्याला काही होत नाही तो फार वेळ टेकणार नाही. रस्त्यावरून जाताना डोकावलो होतो. तिने "सर, या ना" केलं. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा तेवढाच फायदा.

ताईच्या मते मी आळशी झालोय. भाऊ म्हणून तिने मला लहानपणी कडेवर घेतलं, त्याचं तिला आता वाईट वाटतं. आंघोळीला दुपार होते म्हणून काल सगळ्या जिन्याला ऐकवलं. सुदैवाने मला सोडून.

जाता जाता एक केस विचारतो. एवढा पंडित झालायस तर सांग. पुरुष, आपल्याच वयाचा. पहाटेच जाग येते, मग झोप नाही. तोंडाला चव नाही. कपडे ढगळ व्हायला लागलेत. ब्लडप्रेशर, साखर, थायरॉइड सगळं मी बघितलं, सगळं व्यवस्थित. पूर्वी दिवसभर माणसांत असायचा, आता दाराची बेल वाजली तरी उठत नाही. तुझ्या बाई काय म्हणतील यावर?

सोबत माझा स्टेथोस्कोप पाठवतोय. चांगला आहे, तुझ्या त्या रबरी पुंगळीपेक्षा तर कितीतरी. कपाटात पडून राहण्यापेक्षा तुझ्या कानात बरा.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
ढापण्या

---

२५ फेब्रुवारी

प्रिय ढापण्या,

स्टेथोस्कोप मिळाला. काय सुरेख ऐकू येतं! हृदयाबरोबर पेशंटच्या पोटातली न्याहारीसुद्धा ऐकू येते. एवढी चांगली वस्तू तू फुकट दिलीस म्हणून बायकोने मला विचारलं, "त्यांना बरं नाही का?" मी म्हटलं, अगं, मनाने राजा माणूस आहे तो.

आता तुझी केस. ढापण्या, अरे, आंधळ्यालाही दिसेल की हे नैराश्य आहे! पुस्तकात घालावी अशी केस. एवढा हाडाचा डॉक्टर तू, आणि थायरॉइड कसला तपासत बसलास?

आता मी सांगतो तसं कर. पेशंटला एकटा गाठ. दार लाव. मस्करी करायची नाही. आपल्या पिढीला ती खोड आहे, अवघड काही निघालं की विनोद करून पळ काढायचा. सरळ विचार, जीव नकोसा झालाय का? उत्तर येईपर्यंत गप्प बस. घरात काही धोक्याचं असेल, औषधांचा साठा वगैरे, तर ते घरच्या माणसाच्या ताब्यात दे. त्याला एकटा सोडू नकोस. आणि मनाच्या डॉक्टरकडे तू स्वतः घेऊन जा. चिठ्ठी देऊन पाठवलंस तर तो चिठ्ठीची होडी करून सोडून देईल.

असले पेशंट महाबिलंदर असतात बरं का. हसतात, टोमणे मारतात, स्वतःच्या वस्तू लोकांना वाटून टाकतात, आणि जवळची माणसं म्हणतात, काय उदार माणूस! मला पेशंटपेक्षा त्या जवळच्या माणसांचा राग येतो. डोळ्यांसमोर सगळं घडत असतं आणि ह्यांना पत्ता नाही. अशांना खांदे धरून गदागदा हलवलं पाहिजे.

काय झालं ते कळव. आणि पुढच्या वेळी असली सोपी केस विचारू नकोस, माझा अपमान होतो.

तुझा,
प्रोफेसर घोरासुर

---

८ मार्च

प्रिय घोरासुरा,

तू सांगितलंस तसं केलं. दार लावलं आणि विचारलं. पेशंट "हो" म्हणाला.

म्हणाला, आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. त्याच्या बोलण्यात मला तरी चूक काढता आली नाही. मनाच्या डॉक्टरकडे यायला तयार नाही. म्हणतो, मला सगळी औषधं पाठ आहेत, तिथे जाऊन काय नवं ऐकणार? आणि ऐकू तरी काय येणार?

तू काळजी करू नकोस. तुझ्या परीने तू चांगलं सांगितलंस.

ताईची गुडघेदुखी वाढली आहे. तिला गॅलरीतली खुर्ची हवी असते, मलाही हवी असते. काल आम्ही भांडलो आणि शेवटी दोघंही उभे राहिलो. सोबत माझं मनगटी घड्याळ पाठवतोय. मला आताशा वेळ बघावी लागत नाही. तू कायम उशिरा पोचतोस, तुला उपयोगी पडेल.

उत्तराची घाई नाही.

तुझा,
ढापण्या

---

१२ मार्च, बेकरीच्या गाडीतून

ढापण्या,

अक्षर वाकडं येतंय त्याला मी जबाबदार नाही. बेकरीवाला गाडी चालवतोय आणि मागे पावाचे ट्रे उड्या मारताहेत. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुझ्या समोर बसून तुझ्या हातात देणार आहे.

आज दुपारी जेवताना तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. उत्तरही मनात तयार होतं, चांगलं लांबलचक, "पेशंटला असं समजाव, तसं समजाव." बायको वाढता वाढता थांबली. म्हणाली, "अहो, भावजींनी दवाखाना विकून दोन वर्षं झाली ना? मग त्यांच्याकडे पेशंट आला कुठून?"

मी हसलो. म्हटलं, अगं, डॉक्टर लोक एकमेकांना केसेस विचारतातच. आयुष्यभर आपण हेच करत आलो. "एक केस आहे" म्हटलं की आपण वय विचारतो, वजन विचारतो, जीभ कशी आहे विचारतो, पण तो आहे कोण हे विचारायची आपल्यात पद्धतच नाही. मग टेबलावरच्या तुझ्या घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मी हातातला घास ताटात ठेवला.

पुस्तकात घालावी अशी केस, असं मीच लिहिलं होतं! जवळच्या माणसांना गदागदा हलवलं पाहिजे, हेही मीच. बायकोने मला खरंच हलवलं. म्हणाली, "आता बसून काय राहिलात?"

लगेच ताईंना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्या माझ्यावर ओरडल्या, मग स्वतःवर, आणि मग म्हणाल्या, "मी त्याच्या समोरून हलत नाही." तुझ्या औषधांच्या कपाटाची किल्ली काढून घ्या म्हणून सांगितलंय. तुझ्या त्या माशांवाल्या पोरीलाही फोन केलाय. बस संध्याकाळी होती. बेकरीवाल्याने गाडी काढली. म्हटलं, अरे, तुझं दुकान? तर म्हणाला, "डॉक्टर, लोक एक दिवस पावावाचून मरत नाहीत." एवढं बोलून त्याने गाडी अशी हाणली आहे की आम्ही पोचलो तरच नवल.

आता हे पत्र का, ते ऐक. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि तुला ऐकू येत नाही. असा प्रश्न ओरडून विचारता येत नाही रे. जिन्यातली सगळी माणसं गोळा होतील. म्हणून लिहून विचारतो.

ढापण्या, तुला जीव नकोसा झालाय का? स्वतःचं काही करून घ्यायचा विचार येतो का?

पेशंटला नाही विचारत. तुला विचारतोय. लिहून सांग, नाहीतर नुसती मान हलव. हो म्हणालास तर मी रागावणार नाही, उपदेश करणार नाही, घाबरणारही नाही. (हे शेवटचं खोटं आहे. घाबरलो आहे. पण पळून जाणार नाही.)

तुझ्यावाचून कुणाचं अडत नाही म्हणतोस ना? माझं अडतं. गेली किती वर्षं कुठलीही मजा झाली की माझ्या मनात पहिल्यांदा येतं, हे ढापण्याला लिहायला हवं. तू नसलास तर त्या न्हाव्याचं मी सांगू कुणाला?

तुझी गल्ली आली. बेकरीवाला हॉर्न वाजवतोय. त्याला सांगितलं तुला ऐकू येत नाही, तरी वाजवतोय.

घोरासुर

---

२ एप्रिल

प्रिय घोरासुरा,

तू गेल्यापासून रोज लिहीन म्हणतो आणि राहून जातं. आज बसलोच.

आधी त्या दुपारचं सांगतो, तुला निम्मंच ठाऊक आहे. तू यायच्या आधी ती पोर घरी आली. "सर, तुमच्या एका जुन्या पेशंटबद्दल विचारायचं होतं" म्हणून बसली. पेशंट कोण, काय, तिला धड सांगता येईना. एक झाला की दुसऱ्याबद्दल विचारायची, सगळं पाटीवर लिहून. मनात म्हटलं, हिला वैद्यकीतलं ओ की ठो कळत नाही, आणि मी हिला दवाखाना विकला! ताई दारात ठाण मांडून बसलेली. मला वाटलं, दोघी मिळून माझं लग्न जमवताहेत. तू आत आलास, पत्र हातात दिलंस, आणि मग कळलं की पोर माझी राखण करत बसली होती.

मी मान हलवली तेव्हा तू माझा हात धरलास. बेकरीवाला मध्येच पाव घेऊन आला आणि आपण तिघांनी रडत ते कोरडेच पाव खाल्ले. त्यांना चव होती. कितीतरी दिवसांनी कशाला तरी चव होती.

आता किल्लीचं. ताईने ती इतकी जपून ठेवली की तिलाच सापडेना. पिठाच्या डब्यात बघून झालं, उशीत बघून झालं. शेवटी पोरीने दोन हमाल बोलावले आणि अख्खं कपाट उचलून दवाखान्यात नेलं. शेजारी विचारत होते, घर बदलताय का? ताई म्हणाली, "नाही, डोकं." तिथे कुलूप तोडून सगळा साठा पोरीने नष्ट करायला पाठवला. रिकामं कपाट परत आलंय, त्यात ताई आता चादरी ठेवते.

आणि आता कान देऊन ऐक. मी पेशंट झालोय. आधी तू मला नेलंस इथल्या मनाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी गोळ्या दिल्यात. गुण यायला आठवडे लागतात हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, तरी रोज ताईला विचारतो, अजून कसा नाही आला? आणि दर सोमवारी मला पोरीच्या दवाखान्यात हजेरी लावायची असते. "सर, तुम्ही थेट आत या" म्हणाली. मी नाही म्हटलं. रांगेत बसलो.

घोरासुरा, तो बाक मी कसला हलकट करून घेतलाय रे! निम्मं बूड बाहेर. शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला, "जुन्या डॉक्टरने बनवून घेतलाय, त्याला कधी यावर बसायला लागलं नसणार." मी म्हटलं, आज लागलंय. मासे मात्र चांगले आहेत. एक काळा आहे, तो सारखा कोपऱ्यात तोंड करून असतो. त्यालाही आत बोलवा असं मी पोरीला सांगितलं.

आत गेलो की ती पाटीवर लिहिते, "सर, हा आठवडा कसा गेला?" पहिल्यांदा मी लिहिलं, "उत्तम." तिने ते पुसलं आणि पाटी परत माझ्यापुढे केली. मग मी खरं लिहिलं. पाटी पुरली नाही.

सगळं छान झालं असं समजू नकोस. पहाटे अजून जाग येते आणि तो विचार अजून डोकावतो. पण आता तो आला की मी ताईला उठवतो. ती आधी कुरकुरते, मग गुडघे चोळत माझ्याशेजारी बसते आणि बोलत राहते. पोरीने कानाचं यंत्रही बसवून दिलंय. पहिल्यांदा ऐकू आलं ते ताईचं बोलणं. तीन मिनिटांत यंत्र काढून ठेवलं. रोज थोडं थोडं वाढवतोय.

माझा स्टेथोस्कोप परत पाठव. त्यातून ऐकायचं काही नाही. पण माझा आहे.

आता एक केस. पुरुष, आपल्याच वयाचा, टक्कल. घोरण्याबद्दल ख्यातनाम. आमच्या घरी चार रात्री राहिला, आणि एकदाही घोरला नाही. मला ऐकू येत नाही हे खरं, पण ताईला येतं. माझी राखण करायला तू जागा होतास, हे ठीक. पण मग ताईने वहिनींना फोनवर विचारलं, तर त्या म्हणाल्या, घरीही घोरणं कधीचंच बंद झालंय. बेकरीवाला रडला त्या दिवसापासून. नाव, गाव, पत्ता मला ठाऊक आहे, म्हणून तेही विचारत बसू नकोस. एवढंच सांग, त्या पेशंटचा डॉक्टर कोण?

तुझा,
ढापण्या

---

११ एप्रिल

प्रिय ढापण्या,

तुझी केस वाचून मी खूप हसलो. बायको हसली नाही. तिने माझ्यासमोर पाटी ठेवली. आमच्याकडे पाटी नाही, तिने भाजीवाल्याची पिशवी आणि पेन ठेवलं.

माझा डॉक्टर कोण? विचार करून पाहिला. ताप आला की मी स्वतःला गोळी देतो. ब्लडप्रेशर स्वतःच मोजतो आणि जास्त आलं की यंत्राला दोष देतो. मला "कसं काय?" विचारणारे पुष्कळ आहेत, पण ते उत्तर ऐकायच्या आत शर्टाची बटणं काढायला लागतात.

खरं सांगतो. पेशंट दाराबाहेर पडला की मला वाटतं, ह्याला विचारायचं राहिलं का? मग रात्री डोळ्यांपुढे रांग लागते. बेकरीवाला, तू, आणि ज्यांना मी कधीच विचारलं नाही ते सगळे. त्यांच्यापुढे कुणी घोरेल कसा?

इथल्या डॉक्टरांकडे जात नाही. सगळे ओळखीचे, मी हटकून विनोद करीन. तुझी ती पोर बरी. "उत्तम" लिहिलेलं पुसते म्हणालास, तेच हवंय. सोमवारी येतोय. बायको सोबत आहे, मी मधल्या थांब्यावर उतरून पळू नये म्हणून. स्टेथोस्कोप आणि घड्याळ दोन्ही आणतो. घड्याळ तुझ्याच हाताला शोभतं, ते माझ्याकडे असूनही, बायको नसती तर मी उशिराच पोचलो असतो.

माझा नंबर तुझ्या मागचा लाव. आणि त्याआधी सुताराला बोलावून तो बाक चांगला ऐसपैस करून घे. आपल्या दोघांना बसायचंय.

तुझा,
घोरासुर